कंपनीचे दुभाषी : रेव्ह. डॉ. रॉबर्ट मॉरिसन यांचें चरित्र

चहा आतां आपल्या खेड्यापाड्यांत घरोघर पोहोंचला आहे. पाहुणा ओसरीवर टेकला कीं चुलीवर आधण चढतेंच. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं आपल्या देशांत चहाचे मळे नव्हते. समुद्रमार्गें व्यापार करणाऱ्या युरोपियन लोकांना तो चीन देशांतूनच आणावा लागे, आणि चीनच्या बादशहानें 1757 सालापासून त्यांच्या गलबतांकरितां एकच बंदर मोकळें ठेविलें होतें. त्याचें नांव कँटन. तेथें शहराच्या तटाबाहेर, नदीच्या कांठीं, परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी एका ओळींत उभ्या होत्या. तटाच्या आंत जाण्याची त्यांस मोकळीक नसे. बायकांस वखारींत आणण्याची बंदी असे. आणि व्यापाराचा हंगाम सरला कीं सर्वांस तेथून निघून पोर्तुगीजांच्या मकाव गांवीं जाऊन राहावें लागे. इंग्लंडची ईस्ट इंडिया कंपनी दरसाल गलबतेंच्या गलबतें भरून चहा नेई. आपल्या मुंबईहून कापसाचे गठ्ठे तिकडे जात.

इतका मोठा व्यापार कोणत्या भाषेंत चालत असेल, असें वाचकांच्या मनांत येईल. तो चाले एका खिचडीभाषेंत. मोडके इंग्रजी शब्द, त्यांस चिनी बोलण्याचें वळण, आणि मध्यें मध्यें पोर्तुगीज व हिंदुस्थानी शब्दांचे खडे, अशी ती भाषा होती. वजन, भाव व मालाची जात एवढें तिच्यांत सांगतां येई. परंतु करार मोडला, जकातीबद्दल गाऱ्हाणें पडलें, किंवा एखाद्या खलाशाच्या हातून खून झाला, म्हणजे ती भाषा मुकी होई. सरकारनें नेमलेले दुभाषी होते, पण त्यांचेंही ज्ञान त्या खिचडीपलीकडे जात नसे. आणि अधिकाऱ्यास जें रुचणार नाहीं तें त्याच्या कानीं घालण्याची त्यांस छातीही होत नसे.

मग इंग्रजांनीं चिनी भाषा शिकून कां घेतली नाहीं? शिकविणाऱ्याचें डोकें उडे, हें त्याचें उत्तर आहे. 1759 सालीं कंपनीचा जेम्स फ्लिंट नांवाचा एक नोकर, ज्याला चिनी भाषा येत होती, त्यानें कँटनच्या अंमलदाराविरुद्ध बादशहाकडे चिनी भाषेंत लिहिलेला अर्ज पोहोंचविला. गाऱ्हाणें खरें ठरून तो अंमलदार बडतर्फ झाला. तरी फ्लिंटला मकाव येथें तीन वर्षें कैदेंत ठेवण्यांत आलें, आणि ज्या चिनी मनुष्यानें अर्ज लिहिण्यास हात लाविला होता त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हांपासून परदेशी मनुष्यास चिनी भाषा शिकविणें हा तेथें मोठा गुन्हा झाला.

अशा देशांत जाऊन, तीच भाषा शिकून, तिचा कोश रचून, तिच्यांत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविणारे रेव्ह. डॉ. रॉबर्ट मॉरिसन हे लांकडाचें काम करणाऱ्या एका गरीब मनुष्याचे पुत्र होते. त्यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागांत मॉर्पेथ गांवाजवळ 5 जानेवारी 1782 रोजीं झाला. आठ भावंडांत ते शेवटचे. बाप मूळचे स्कॉटलंडचे, पूर्वीं शेतावर मजुरी करणारे. पुढें न्यूकॅसल शहरीं येऊन ते, चांभार ज्या लांकडी कलबुतावर जोडा बेततात, तीं कलबुतें करून विकूं लागले. मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर शाळा सुटली आणि बापाच्या हाताखालीं रंधा व पटाशी हातीं आली. काम दिवसाचें बारा बारा तास चाले. हा मुलगा समोर पुस्तक उघडून ठेवी आणि हात चालत असतां डोळा तेथें टाकीत असे. बाराव्या वर्षीं त्यानें 119 वें स्तोत्र सबंध तोंडपाठ म्हणून दाखविलें होतें. आमच्या उपदेशकांपैकीं ज्यांनीं तें मुलांकडून पाठ करवून घेण्याचा यत्न केला असेल त्यांस ही गोष्ट किती मोठी हें सांगावयास नको.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें मन पालटून ते मंडळींत सामील झाले. पुढें लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषा ते फावल्या वेळांत शिकले. परदेशीं जाण्याची ओढ होती, परंतु आई जिवंत असेपर्यंत दूर जाणार नाहीं, असा शब्द त्यांनीं तिला दिला होता व तो पाळला. तिच्या मृत्यूनंतर लंडन मिशनरी सोसायटीनें 1804 सालीं त्यांस पत्करिलें व चीन देश नेमून दिला.

आतां भाषा शिकावयाची कोणापाशीं? सर्व लंडन शहरांत एक चिनी तरुण सांपडला. त्याचें नांव योंग साम-ताक. तो स्वतः इंग्रजी शिकण्याकरितां आला होता. मॉरिसन साहेबांनीं त्याच्याबरोबर बिऱ्हाड केलें. गुरु विद्वान होता, तसाच तापटही होता. एके दिवशीं शिष्यानें धडा पाठ झाल्यावर अक्षरें लिहिलेला कागद जाळून टाकिला. गुरूचा संताप अनावर झाला. तो उठून गेला व तीन दिवस शिकविण्यास आला नाहीं. लिहिलेलें अक्षर चिनी लोकांस पूज्य. त्याचा अनादर म्हणजे विद्येचाच अपमान. आपल्याकडे पुस्तकास पाय लागला तर आपण तें कपाळास लावितों, तेव्हां त्या गुरूचा राग आपणांस कळण्यासारखा आहे. मॉरिसन साहेबांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कथलाचा एक पत्रा आणिला. त्यावर लिहावें, धडा झाला कीं पुसावें, आणि कागद जाळण्याचा प्रसंगच येऊं देऊं नये. ज्या लोकांत आपणांस राहावयाचें आहे त्यांचा हा पहिला धडा त्यांस लंडनमध्येंच मिळाला.

पुस्तकांची स्थिति तर याहून बिकट होती. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें नव्या कराराच्या पुष्कळशा भागाचें एक हस्तलिखित चिनी भाषांतर पडून होतें. तें कोणा रोमन कॅथॉलिक विद्वानानें केलेलें होतें. रॉयल सोसायटीकडे एक हस्तलिखित लॅटिन-चिनी कोश होता. हीं दोन्हीं मॉरिसन साहेबांनीं आपल्या हातानें उतरून घेतलीं. अर्थ पुरता न कळतां हजारों अक्षरें चित्रासारखीं काढावयाचीं, असें तें काम होतें. पुढें नवा करार छापतांना या जुन्या भाषांतराचा आपणांस आधार झाला, हें त्यांनीं उघडपणें सांगितलें.

ही भाषा अवघड कां, याविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या बाळबोधांत मूळाक्षरें व बाराखडी आली कीं मूल कोणताही शब्द वाचूं लागतें. मग अर्थ कळो वा न कळो. चिनी लिपींत बाराखडी नाहीं. तेथें एकेका शब्दास एकेक निराळी आकृति आहे. बादशहा कांगशी याच्या आज्ञेनें 1716 सालीं पूर्ण झालेल्या मोठ्या कोशांत अशा सुमारें 47,000 आकृति आहेत, व त्या शोधतां याव्या म्हणून 214 मूळ चिन्हांखालीं लाविल्या आहेत. पाणी, लांकूड, तोंड, हात अशीं तीं चिन्हें. नदी, समुद्र, धुणें अशा शब्दांत पाण्याचें चिन्ह बहुधा दिसतें, त्यावरून अर्थाचा माग लागतो. सुदैवानें इतकीं सर्व अक्षरें कोणास लागत नाहींत. थोड्या हजारांवर वाचन निभतें.

बोलण्यांत दुसरी अडचण आहे. एकच उच्चार सुराप्रमाणें निरनिराळा शब्द होतो. व्यापाऱ्याच्या रोजच्या उपयोगाचाच दाखला घ्या. विकत घेणें यास चिनी भाषेंत माइ म्हणतात, आणि विकणें यासही माइच म्हणतात. फरक केवळ सुराचा. घेण्याचा सूर खालीं जाऊन वर येतो, विकण्याचा वरून एकदम खालीं पडतो. ज्याचा कान तयार नाहीं तो घ्यावयास जाऊन विकून येईल! याउलट ज्यांनीं आमच्या मराठीचीं लिंगें, वचनें व विभक्ति शिकविल्या आहेत त्यांस हें ऐकून हेवा वाटेल कीं, चिनी भाषेंत क्रियापद काळ-पुरुषाप्रमाणें बदलत नाहीं आणि नामास प्रत्यय लागत नाहीं. शब्द कोणत्या क्रमानें ठेविला यावर सगळा अर्थ. शिवाय कँटनच्या लोकांची बोली वेगळी व साऱ्या राज्यांतील अधिकाऱ्यांची बोली वेगळी. ज्याला बाजार आणि कचेरी दोन्हीं सांभाळावयाचीं आहेत त्यानें दोन्हीं शिकाव्या लागत.

8 जानेवारी 1807 रोजीं मॉरिसन साहेबांस दीक्षा मिळाली. परंतु कंपनीचीं गलबतें मिशनऱ्यास घेत नसत. कंपनी त्या काळीं मिशनऱ्यांविषयीं किती साशंक होती हें आपल्या मंडळ्यांच्या इतिहासावरूनही ठाऊक आहे. 1813 सालीं मुंबईस उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांस परत जाण्याचे हुकूम झाले होते. तेव्हां मॉरिसन साहेब अमेरिकेस वळसा घालून गेले. न्यूयॉर्क येथें गलबताच्या मालकानें, आपण चिनी राज्याची मूर्तिपूजा पालटणार कीं काय, असें हंसून विचारिलें; त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, आपण नव्हे, देव तें करील. तेथून 12 मे रोजीं निघालेलें गलबत 4 सप्टेंबर 1807 रोजीं मकावला लागलें. तेथें रोमन कॅथॉलिक धर्माधिकाऱ्यांचा विरोध, कँटनमध्यें चिनी कायद्याचा, आणि इंग्रज वखारींत कंपनीच्या नियमांचा. अखेर अमेरिकन व्यापाऱ्यांच्या वखारींत, अमेरिकन मनुष्य म्हणून, त्यांस आसरा मिळाला.

शिक्षक मिळवून देण्यास सर जॉर्ज स्टॉन्टन यांनीं साह्य केलें. हे गृहस्थ लहानपणीं बापाबरोबर 1793 सालीं इंग्रज वकिलातींतून पेकिंगास गेले होते. वाटेंत शिकलेले चार चिनी शब्द त्या बारा वर्षांच्या पोरानें बादशहापुढें बोलून दाखविले, तेव्हां बादशहानें खूष होऊन कमरेची थैली त्यास बक्षीस दिली होती. आतां ते कंपनीच्या वखारींत होते, व चिनी भाषा जाणणारे तेथें तेच काय ते एकटे. त्यांच्या ओळखीनें पेकिंगकडचे आबेल युन नांवाचे एक कॅथॉलिक चिनी गृहस्थ येऊं लागले. त्यांस लॅटिन येत होती, म्हणून गुरुशिष्यांचें बोलणें लॅटिनमधून चाले. पुढें ली आडनांवाचे दुसरे पंतोजी मिळाले. हे लोक बिचकत येत, दारें लावून शिकवीत. एक पंतोजी तर नेहमीं आपल्याबरोबर विष बाळगीत असे. पकडलों गेलों तर अधिकाऱ्यांच्या हातून हाल होण्यापेक्षां तें घेऊन मरावें, असा त्याचा बेत होता.

मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशीं माणसें एका ओळींत येऊन जातात, म्हणून आम्ही येथें क्षणभर थांबतों. पगार थोडका, नांव कोठें छापलें जाणार नाहीं, आणि धोका मात्र साहेबापेक्षां शतपट. मॉरिसन साहेबांस फार तर देशाबाहेर घालविलें असतें. त्या पंतोजीचा प्राण गेला असता. तरी तो सकाळीं पुन्हां येई.

मॉरिसन साहेबांनीं प्रथम चिनी पोषाख केला, नखें वाढविलीं, काड्यांनीं जेवूं लागले. कांहीं दिवसांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, यामुळें लोकांचा संशय कमी न होतां वाढतोच आहे. तेव्हां तें सर्व सोडून ते पुन्हां आपल्या वेषांत राहूं लागले. आमच्या मतें हें त्यांनीं ठीक केलें. परंतु भाषेच्या बाबतींत त्यांनीं सवलत घेतली नाहीं. एकांतांत देवाची प्रार्थनासुद्धां ते आपल्या मोडक्या चिनी भाषेंत करूं लागले, कीं जीभ वळावी. अतिश्रमानें प्रकृति ढासळली. पैसा संपत आला, व मकाव सोडून जावें लागेल अशी वेळ आली.

अशा वेळीं 20 फेब्रुवारी 1809 हा दिवस उगवला. त्या दिवशीं मकाव येथें मेरी मॉर्टन या बाईंशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्याच दिवशीं ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींतून त्यांस चिनी भाषेच्या भाषांतरकाराची जागा देऊं केल्याचें कळलें. पगार सालीना 500 पौंड. ज्या कंपनीनें त्यांस आपल्या गलबतावर घेतलें नाहीं तीच दीड वर्षानें त्यांच्या दारीं आली, कारण त्यांच्यासारखी चिनी भाषा जाणणारा मनुष्य तिला दुसरा मिळेना.

ही नोकरी पत्करावी कीं नाहीं, याबद्दल त्यांच्या मित्रांत त्या वेळीं मतभेद होता आणि नंतरही राहिला. नोकरीमुळें कँटनला राहण्याचा हक्क मिळाला, मिशनवरील खर्चाचा भार उतरला, व उघडपणें भाषा शिकण्यास कारण मिळालें. उलट बाजूही सांगितली पाहिजे. चहाची किंमत चांदीनें भागविणें कंपनीस जड जाई, म्हणून ती बंगालची अफू कलकत्त्यास लिलावानें विकी, व खाजगी व्यापारी ती चोरून चीनमध्यें उतरवीत. माळव्याची अफू पुढें आपल्या मुंबई बंदरांतूनही जाऊं लागली. त्या अफूच्या पैशानें चहा विकत घेतला जाई, आणि चहाच्या नफ्यांतून भाषांतरकाराचा पगार निघे. पगार घेणारा मनुष्य अफूस हात लावीत नव्हता, हें खरें. पण पैशाचा ओघ कोठून येतो हें त्यास माहीत होतें. ज्यांस सावकाराच्या किंवा ताडीच्या गुत्तेदाराच्या देणगीनें देऊळ शाकारावें कीं नाहीं, असा प्रश्न कधीं पडला असेल, त्यांनीं या ठिकाणीं मॉरिसन साहेबांचा न्याय घाईनें करूं नये. आणि त्यांचा बचावही घाईनें करूं नये.

काम हलकें नव्हतें. चिनी अधिकाऱ्यांचीं पत्रें वाचून दाखवावयाचीं, उत्तरें लिहावयाचीं, तंटे पडले म्हणजे दोन्हीं बाजूंची कडू भाषा तोलून सांगावयाची. हंगामांत ते कँटनला. पत्नी मकावला, बहुधा आजारी. 1811 सालीं त्यांचें पहिलें मूल जन्मलें त्याच दिवशीं वारलें. रोमन कॅथॉलिक दफनभूमींत त्यास जागा मिळाली नाहीं. बापास तें एका डोंगराच्या बाजूस नेऊन पुरावें लागलें.

कंपनीच्या तरुण कारकुनांस चिनी भाषा शिकविण्याचें कामही त्यांजकडे आलें. जें त्यांस स्वतःला कथलाच्या पत्र्यावर, चोरून, ठेंचा खात शिकावें लागलें होतें, तें या मुलांस सुलभ व्हावें म्हणून त्यांनीं पुस्तकें रचलीं. त्यांचें व्याकरण बंगालांतील श्रीरामपूर येथें 1815 सालीं छापून निघालें. (हें श्रीरामपूर नगरकडचें नव्हे, डॉ. केरी यांचें. याच ठिकाणीं केरी साहेबांनीं मराठीचें व्याकरण 1805 सालीं व मराठीचा कोश 1810 सालीं छापला होता, आणि त्यांचे सोबती डॉ. मार्शमन हे तेथेंच बसून चिनी बायबल तयार करीत होते.) 1816 सालीं मॉरिसन साहेबांनीं नवशिक्यांकरितां संवादांचें एक पुस्तक मकावला छापविलें. त्यांत वाक्य चिनी अक्षरांत, त्याचा उच्चार, शब्दास शब्द अर्थ, आणि मग सरळ इंग्रजी अर्थ, अशी मांडणी आहे. व्याकरणाच्या नियमांनीं कारकुनाचें तोंड उघडत नाहीं. रोज बोलावयाचीं वाक्यें पाठ झालीं म्हणजे उघडतें, हें त्यांनीं ओळखिलें होतें. कँटनच्या खास बोलीचा शब्दसंग्रह त्यांनीं पुढें 1828 सालीं काढिला.

परंतु त्यांचें मोठें काम म्हणजे चिनी-इंग्रजी कोश. कंपनीनें त्याकरितां इंग्लंडाहून छापखाना व टॉम्स नांवाचा छापणारा 1814 सालीं मकावला पाठविला. चिनी अक्षरांचे धातूचे ठसे तयार नव्हते. एकेक ठसा हातानें कोरून घ्यावा लागे. 1815 पासून 1823 पर्यंत कोशाचे सहा मोठे ग्रंथ निघाले. पानें साडेचार हजारांवर, व कंपनीचा खर्च सुमारें 12,000 पौंड झाला. इतका पैसा कंपनीनें विद्येच्या प्रेमानें दिला असें आम्ही समजत नाहीं. दुभाष्याच्या हातीं सांपडलेल्या व्यापाऱ्याचें किती नुकसान होतें, याचा तिला पन्नास वर्षें अनुभव आला होता.

दिवसा कंपनी आणि रात्रीं शास्त्राचें भाषांतर, असा क्रम चालला होता. 1810 सालीं प्रेषितांच्या कृत्यांच्या 1,000 प्रति छापल्या. चिनी रीतीप्रमाणें प्रत्येक पान लांकडाच्या फळीवर उलटें कोरून छापीत. धोक्याबद्दल कारागिरांनीं नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक दाम घेतला. 1812 सालीं बादशहाचा हुकूम निघाला कीं, ख्रिस्ती पुस्तकें छापणाऱ्यास देहांत शिक्षा होईल. तरी 1814 सालीं सबंध नवा करार छापून झाला. त्या छापण्याच्या कामांत त्साय आ-को नांवाचा एक तरुण होता. शरीरानें दुबळा, स्वभावानें रागीट. मॉरिसन साहेबांनीं त्याचे दोष झांकून ठेविले नाहींत. 16 जुलै 1814 रोजीं मकावजवळ समुद्रकांठच्या एका उंच टेंकडीखालीं झरा वाहत होता, तेथें लोकांच्या नजरेआड त्याचा बाप्तिस्मा झाला. मॉरिसन साहेब चीनमध्यें येऊन तेव्हां सात वर्षें होत आलीं होतीं. आ-को 1818 सालीं क्षयानें वारला. शेवटपर्यंत तो विश्वासांत राहिला.

नवा करार निघाल्याची बातमी लंडनला पोहोंचली तेव्हां कंपनीचे डायरेक्टर घाबरले. चिनी सरकार रागावेल व चहा बंद पडेल, अशी त्यांस भीति. 1815 सालीं मॉरिसनला कामावरून काढावें, असा त्यांचा हुकूम कँटनला आला. वखारीच्या अधिकाऱ्यांनीं तो अमलांत आणिला नाहीं. त्यांच्यावांचून वखारीचें काम अडलें असतें, हें त्या अधिकाऱ्यांस लंडनच्या डायरेक्टरांपेक्षां अधिक चांगलें दिसत होतें. दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडच्या राजानें लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांस वकील म्हणून पेकिंगास पाठविलें, तेव्हां दुभाषी म्हणून मॉरिसन साहेबांसच बरोबर घ्यावें लागलें. बादशहापुढें कपाळ जमिनीस टेंकवावें कीं नाहीं यावर वाद होऊन वकिलात भेटीवांचून परतली. कोणत्याही कोशानें तो वाद मिटण्यासारखा नव्हता.

1813 सालीं मिल्न साहेब सोबतीस आले होते, पण त्यांस मकावमध्यें राहूं दिलें नाहीं. ते मलाक्का येथें गेले. तेथें 1818 सालीं अँग्लो-चायनीज कॉलेजाचा पाया घातला गेला. चिनी मुलांनीं इंग्रजी व इंग्रज मुलांनीं चिनी शिकावें, अशी त्याची योजना. मिल्न साहेबांनीं जुन्या करारांतील कांहीं पुस्तकें भाषांतरिलीं, बाकीचीं मॉरिसन साहेबांनीं. 1819 च्या नोव्हेंबरांत सर्व शास्त्राचें भाषांतर संपलें. 1823 सालीं तें मलाक्का येथें 21 भागांत छापून निघालें. तोंवर मिल्न साहेब वारले होते, आणि मॉरिसन बाईही 10 जून 1821 रोजीं पटकीनें गेल्या. पहिल्या मुलाच्या वेळचा प्रसंग पुन्हां आला. तेव्हां वखारीच्या अधिकाऱ्यांनीं मकावमध्यें जमीन विकत घेतली व तेथें त्यांस पुरिलें. मकावची जुनी प्रॉटेस्टंट दफनभूमि ती हीच.

मलाक्काच्या कामांतून एक मनुष्य असा निघाला कीं त्याचें नांव आमच्या उपदेशकांनीं लक्षांत ठेवावें. लिआंग फा हा फळ्या कोरणारा कारागीर. मिल्न साहेबांनीं 1816 सालीं त्याचा बाप्तिस्मा केला. 1819 सालीं तो आपल्या गांवीं गेला व नातलगांकरितां एक लहान पुस्तक लिहून छापूं लागला; अधिकाऱ्यांनीं त्यास धरून बांबूचे तीस फटके मारिले व दंड केला. मॉरिसन साहेबांनीं खटपट करून त्याची सुटका करविली. लिआंग फा यानें पुढें आपल्या बायकोचा बाप्तिस्मा स्वतःच्या हातानें केला. 1823 सालीं मॉरिसन साहेबांनीं त्यास दीक्षा दिली. गांवोगांव फिरून, परीक्षेस जमलेल्या विद्यार्थ्यांत पुस्तकें वांटून तो 1855 पर्यंत काम करीत राहिला. जें परक्या मनुष्यास करतां येत नव्हतें तें त्यानें केलें.

1824 सालीं मॉरिसन साहेब दोन वर्षें इंग्लंडास गेले. बरोबर सुमारें 10,000 चिनी पुस्तकें होतीं, आणि राजाची भेटही झाली. परंतु त्यांचें मन भाषा शिकविण्यांतच होतें. लंडनमध्यें त्यांनीं तिचे वर्ग काढिले. स्त्रियांचा एक वर्ग आपल्या घरीं चालविला, व त्यांतल्या कांहीं पुढें पूर्वेकडे मुलींच्या शाळा काढण्यास गेल्या. त्याच सुमारास त्यांनीं दुसरा विवाह केला, व 1826 सालीं ते पुन्हां कँटनला परतले.

1834 सालीं कंपनीचा चीनमधील मक्ता संपला. इंग्लंडच्या सरकारनें लॉर्ड नेपियर यांस पाठविलें, व मॉरिसन साहेबांस त्यांचे चिनी सेक्रेटरी व दुभाषी नेमिलें. पगार 1,300 पौंड, आणि अंगांत सरकारी बटणांचा कोट घालावा असा हुकूम. प्रकृति अगोदरच खालावली होती. ऐन जुलैच्या उन्हापावसांत उघड्या होडींतून ते कँटनला आले आणि 1 ऑगस्ट 1834 रोजीं रात्रीं वारले. त्यांचा देह मकावला नेऊन पहिल्या पत्नीच्या शेजारीं पुरिला. सत्तावीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले चिनी लोक दहाएक होते.

त्यांच्या जागीं त्यांचा मुलगा जॉन रॉबर्ट यास नेमण्यांत आलें. वय वीस वर्षांचें. त्याच सालीं त्यानें कँटनच्या व्यापाराची माहिती देणारें पुस्तक छापिलें होतें. मापें, नाणीं, जकाती, सरकारी नियम, सर्व त्यांत होतें. बापानें बाजाराची भाषा शिकविली, मुलानें बाजारच लिहून काढिला. अफूवरून लढाई झाली व 1842 सालीं नानकिंगचा तह ठरला, तेव्हां वाटाघाटींत दुभाषी हाच होता. पुढील वर्षीं मकावला तापानें तो वारला, व त्यासही आईबापांजवळ पुरिलें. 3 जुलै 1844 रोजीं, मकावजवळच्याच वांगशिआ या ठिकाणीं, चीन व अमेरिका यांचा तह झाला. त्याच्या अठराव्या कलमांत असें ठरलें कीं, परदेशी मनुष्यानें चिनी विद्वानास पगार देऊन भाषा शिकावी, चिनी पुस्तकें विकत घ्यावीं, आणि शिकविणाऱ्यास त्याबद्दल कोणी त्रास देऊं नये.